लहान गाडी, उंच घाट



आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां आपोआप गिअर बदलणारी लहान मोटार असेल. पुण्यामुंबईच्या गर्दींत डाव्या पायाला विश्रांति देणारी ही गाडी लडाखला नेतां येईल काय, असें मला वारंवार विचारण्यांत येतें. नेतां येते, पण तेथें ती निराळ्याच स्वभावाची होते.

मनालीहून केलाँग-सर्चूच्या वाटेनें लेहला जातांना १६,००० फुटांवरील बारालाचा आणि १७,००० फुटांहून उंच तांगलांग या खिंडी लागतात. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाला, त्यामुळें रोहतांग टळली. या दोन टळल्या नाहींत. तांगलांगवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून फारसा अधिक नसतो. एंजिन पेट्रोल जाळतें तें हवेच्या आधारानें. हवाच विरळ, तेव्हां ८० अश्वशक्तींपैकीं तेथें ४०-४५ उरतात. टर्बो असल्यास ही उणीव कमी भासते. माझ्या गाडींत तो नाहीं.

त्यांत गिअर बदलणाऱ्या यंत्राला पुढचें वळण दिसत नाहीं. गाटाच्या २१ वळणांवर मी पाय जरा सैल केला कीं त्याला वाटे, चढ संपला. तें वरचा गिअर टाकी आणि पुढच्या चढावर गाडी मरगळे. अखेर दांडा हातीं घेऊन मी दुसरा गिअर धरून ठेवला. चढावर खोळंबतांना गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरूं नये. अशा गाडींत क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबतें. तोलून धरल्यास तो जळतो. हातब्रेक ओढावा.

पण खरी भीति उताराची. तांगलांग ओलांडल्यावर मी निर्धास्तपणें गाडी पुन्हां यंत्रावर सोपविली. एंजिनावर ओझें नाहीं असें पाहून त्यानें वरचा गिअर घेतला आणि गाडी आवरण्याचें सारें काम ब्रेकवर पडलें. थोड्या वेळानें मागून सौभाग्यवतींनीं विचारलें, “अहो, हा जळका वास कसला?” मी ब्रेक दाबला, तों पेडल नेहमीपेक्षां बरेंच खालीं गेलें. दरीच्या बाजूला मुलगी बसली होती.

दुसरा, मग पहिला गिअर टाकून, हातब्रेक हलकेच ओढीत मी गाडी डोंगराच्या कडेला लावली. चाकांवर पाणी ओतण्याचा मोह आवरला. तापलेल्या चकत्या त्यानें तडकूं शकतात. अर्धा तास नुसते बसून राहिलों. तेथून रुमत्से गांवापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येंच उतरलों. मागचे मालमोटारवाले भोंगे वाजवीत होते; जागा मिळेल तेथें थांबून त्यांना पुढें जाऊं दिलें.