जुने यंत्र, नवी वीज

यंत्राला म्हातारपण येते ते सर्वांगाला एकदम येत नाही. १९८० नंतरच्या दशकात घरोघरी आलेले छोटे संगणक आज उघडून पाहिले, तर त्यांच्या सिलिकॉनच्या चकत्या पुष्कळदा शाबूत आढळतात. आधी थकतो तो वीज पुरविणारा भाग. त्यातील कपॅसिटरांमधला द्रव हळूहळू सुकतो, विजेचा प्रवाह सपाट राहत नाही, आणि पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागतात. संगणक गेला असे समजून लोक तो भंगारात देतात. वास्तविक घरचा धनी धडधाकट असतो. पाणी भरणारा पाणक्या तेवढा थकलेला असतो.

अशा यंत्रांत स्पेक्ट्रम हा एक नामांकित संगणक होय. इंग्लंडातील सिंक्लेअर कंपनीने तो १९८२ साली काढला. त्याची सुधारलेली आवृत्ती १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन भारतातही आणली. त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. परंतु प्रोग्रॅम लिहिण्याचे पहिले धडे अनेक मुलांनी त्याच्यावरच गिरविले.

या यंत्रास बाहेरून ९ व्होल्टची एकदिश वीज लागते. आत गेल्यावर तिला तीन वाटा फुटतात. एक रेग्युलेटर तीतून ५ व्होल्ट काढतो. उरलेले ४ व्होल्ट निव्वळ उष्णता होऊन जातात, म्हणूनच हे यंत्र चालू असता तापते. दुसरे एक छोटे मंडल १२ व्होल्ट आणि उणे ५ व्होल्ट तयार करते. मूळच्या १६ किलोबाइट स्मृतीच्या चकत्यांना हे तिन्ही दाब लागतात. त्यांतील उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले आणि बाकीचे दोन चालू राहिले, तर त्या चकत्या कायमच्या निकामी होऊ शकतात.

भिंतीतील वीज मात्र सर्वत्र एकच. पुण्यास असो की तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे असो, ती २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. जुना पुरवठा ती वीज जड ट्रान्स्फॉर्मरने उतरवीत असे. त्याच्यावर भार नसला, की ९ व्होल्टऐवजी पुष्कळ अधिक दाब मिळे. नवा पुरवठा प्रथम त्या विजेचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, मग सेकंदाला हजारो वेळा ती तोडून-जोडून लहानशा ट्रान्स्फॉर्मरमधून उतरवितो. त्यामुळे तो हलका असतो, कमी तापतो, आणि भार बदलला तरी दाब जवळजवळ स्थिर राखतो.

मग मोबाइलचा चार्जरच का जोडू नये? कारण त्याचे ५ व्होल्ट येथे अपुरे पडतात. रेग्युलेटरला ५ व्होल्ट देण्यासाठी त्याहून बरेच अधिक घ्यावे लागतात. १२ व्होल्टचा पुरवठा जोडला, तर रेग्युलेटरवर उष्णतेचा बोजा जवळजवळ दुप्पट पडतो. म्हणजे पुरवठा ९ व्होल्टचाच हवा, आणि निदान दीड अँपिअर देणारा हवा.

एवढे जमले तरी खरा सापळा पुढेच आहे. आजच्या बहुतेक पुरवठ्यांच्या गोल पिनेत धन टोक मध्यभागी असते. स्पेक्ट्रमला मध्यभागी ऋण टोक लागते. पिन तर चपखल बसते, आणि क्षणात चाळीस वर्षे जगलेल्या चकत्या जळून जातात. यास्तव जाणता कारागीर आधी मल्टीमीटरने टोके तपासतो, तारा उलट करून घेतो, त्या जोडावर ठळक खूण करतो, आणि मगच यंत्राला वीज देतो. भिंतीकडच्या बाजूस तो हात घालीत नाही. तेथे बंद पेटीतला, प्रमाणित पुरवठाच वापरतो.

काही जाणकारांना नवा भाग जोडणे म्हणजे मूळ वस्तू भ्रष्ट करणे वाटते. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हे. परंतु बाहेरचा पुरवठा बदलला, तर मूळ यंत्रास टाकाही लागत नाही, आणि जुना पुरवठा चिठ्ठी लावून जपून ठेवता येतो. जीर्णोद्धारात देवळाचा चिरा बदलतात, गाभारा नाही. कपाटात मुके पडलेले यंत्र ही केवळ वस्तू होय. तेच सुरू होऊन पडद्यावर पहिले अक्षर उमटले, म्हणजे एका पिढीची विद्या पुन्हा बोलू लागते.