रँग्लर परांजपे : एका नातीचे आजोबा



जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव साऱ्या महाराष्ट्राच्या कानी पडले ते १९९२-९३ मध्ये. कुपोषण आणि आजारपण यांनी त्या परिसरातील शंभरहून अधिक बालके दगावली. मुंबईसारख्या महानगरापासून काही तासांच्या अंतरावर हे घडले होते. ते वाचून सुशिक्षित समाजाची मान शरमेने खाली गेली.

या डोंगराळ भागात भातकापणी उरकली की घरातली कर्ती माणसे वीटभट्ट्यांच्या कामावर जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही म्हाताऱ्या आजा-आजीजवळ राहतात. शहरी कुटुंबात आजोबा म्हणजे लाडाचा ठेवा. येथे तेच नातवंडांचे पालक होतात. मात्र अंगणवाडीचा आहार, दवाखान्यातले औषध आणि शाळेचा फळा या गोष्टी कोणताही आजोबा एकट्याने आणू शकत नाही. त्यासाठी राज्याचा सेवक दारापर्यंत पोहोचावा लागतो. बालकाला दोन रक्षक हवेत : घरचा वडीलधारा आणि समाजाचा कर्तव्यदक्ष सेवक. या दोन्ही भूमिका एकाच आयुष्यात निभावणाऱ्या एका थोर महाराष्ट्रीयाचे स्मरण म्हणूनच येथे करावयाचे आहे. ते म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुर्डी या लहानशा खेड्यात १६ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. मुलगा बुद्धिमान आहे हे हेरून त्याच्या शिक्षणाची काळजी वाहिली ती नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांनी. पुढे महर्षी म्हणून वंद्य झालेले आणि १९५८ मध्ये भारतरत्न ठरलेले हेच ते कर्वे. दुसऱ्याच्या लेकराला आपले मानण्याचा संस्कार रघुनाथरावांना असा बालपणीच लाभला. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सरकारी मानमरातब सहज मिळाला असता. पण ते पुण्यास परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या वेतनावर राहिले आणि सुमारे दोन दशके त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

१९२१ मध्ये ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला. प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवावा आणि त्यांना शिक्षण सक्तीचे करता यावे, ही त्या कायद्यामागील दृष्टी होती. जव्हार त्या वेळी संस्थान होते. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. त्यामुळे हा कायदा तेव्हा वांगणीच्या वेशीपर्यंत आला नाही. पण खेड्यातल्या शेवटच्या मुलाचा विचार मंत्रालयात व्हावा, ही त्याची दिशा होती.

१९३२ ते १९३८ या काळात ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची एकुलती कन्या शकुंतलाबाई केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या. रशियन चित्रकार युरा स्लेप्ट्झॉफ यांच्याशी त्यांनी विवाह केला. १९३८ मध्ये कन्या सईचा जन्म झाला आणि अल्पावधीतच तो संसार विस्कटला. परित्यक्तेकडे आणि तिच्या मुलाकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे वेगळे सांगावयास नको. बासष्ट वर्षांच्या रघुनाथरावांनी लेक आणि नात या दोघींना निःशंकपणे आपल्या छायेत घेतले. सई आजोबांच्याच घरी वाढली. १९४४ मध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणून ते ऑस्ट्रेलियास गेले, तेव्हा नातही कॅनबेराला गेली. राजदूताचा व्याप आणि नातीचे बालपण एकाच छपराखाली नांदले.

अवघ्या आठव्या वर्षी या नातीचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक निघाले. पुढे सई परांजपे यांनी मुलांसाठी नाटके लिहिली, बालचित्रपट केले आणि १९८० च्या ‘स्पर्श’ मधून अंध मुलांच्या शाळेतले विश्व साऱ्या देशाला दाखविले. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. शकुंतलाबाईंनीही कुटुंबनियोजनाच्या कार्यात स्वतःला वाहून घेतले. १९६४ ते १९७० त्या राज्यसभेत होत्या. आजोबांनी दिलेला आसरा दोन आयुष्यांना उभारी देऊन गेला.

रघुनाथराव कट्टर बुद्धिवादी होते, राजकारणात नेमस्त होते. त्यांची सर्व मते येथे बसलेल्यांना पटतीलच असे नाही. पण फळाची अपेक्षा न धरता नेमून घेतलेले काम करीत राहण्याला आपल्या परंपरेत जे नाव आहे, ते त्यांच्या आचरणास लावता येईल. निवृत्ती त्यांनी मानलीच नाही. ऐंशीव्या वर्षी, १९५६ मध्ये, ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ मे १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय नव्वद होते.

आज मध्यमवर्गीय घराघरांत शासकीय सेवेतून निवृत्त झालेले आजोबा आहेत. निवृत्तिवेतन आहे, अनुभव आहे, सकाळी नातवंडांना शाळेत सोडण्याचा आनंद आहे. त्या आनंदावर त्यांचा हक्कच आहे. मात्र ज्या समाजाच्या तिजोरीतून हे निवृत्तिवेतन येते, त्यात वांगणीचाही वाटा आहे. कोणी निवृत्त शिक्षकाने सुटीत महिनाभर पाड्यावर गणित शिकवावे; कोणी निवृत्त लेखापालाने शिधापत्रिकेचे, दाखल्याचे अडलेले कागद मार्गी लावावेत; कोणी निवृत्त डॉक्टरने पावसाळ्यात, जेव्हा घरातले धान्य संपते आणि आजार वाढतात, तेव्हा मुलांची वजने पाहावीत. नातवाचे बोट धरलेल्या हाताला दुसरे बोट जड होत नाही. कर्वे यांनी रघुनाथला दिले ते ऋण रघुनाथरावांनी सईला दिले. आपल्याला मिळालेले आपण कोणाला देणार, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन द्यावयाचे आहे.