आधी तारीख, मग मानपान



आम्ही बँकेतील कारकून मंडळी. मोजणे हे आमचे रोजचे काम. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे नेमके लिहीत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ती सवयही गेली.

मर्यादा मात्र राहिली. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० चिन्हे मावतात, देवनागरीची ७०. ‘शिष्यवृत्ती’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरे. यंत्र वेलांटी, पायमोड सारे वेगळे मोजून अकरा धरते. ट्विटरनेही २०१७ मध्ये मर्यादा १४० वरून २८० केली, काढली नाही.

मागे आम्ही वस्तीतील मुलांना शिष्यवृत्तीचा निरोप धाडला. आरंभी नमस्कार, मग पदाधिकाऱ्यांची नावे, अंतिम तारीख तळाशी. मोबाईलवर वरच्या दोन ओळीच दिसल्या. एका मुलीने पूर्ण निरोप उघडला, तेव्हा तारीख उलटून गेली होती. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता.

म्हणून नम्र विनंती : आधी काम, मग तारीख, मग ठिकाण, मानपान शेवटी. लिहून झाल्यावर चिन्हे मोजा. छोटा निरोप म्हणजे अपुरा निरोप नव्हे.