टाळी दोनदा वाजवा

परगावच्या गुरूंना घरच्या तबल्याच्या रियाजाचे चित्रण पाठवणारे विद्यार्थी आता पुष्कळ आहेत. त्यात हात आधी पडला आणि ‘धा’ मागाहून ऐकू आला, तर चांगला वादकही लयीला कच्चा वाटतो.

अनेक मोबाइल आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करतात. जोरकस आणि हलके बोल जवळजवळ एकाच वजनाचे होऊन जातात. म्हणून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेणे बरे. मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? दोन्ही यंत्रे सुरू करून कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. नंतर संगणकावर तळहात भिडल्याची फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला उंच सुळका एका रेषेत आणा.

सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत चौगुन वाजवताना दोन बोलांत अंतर असते १०० मिलिसेकंदांचे. म्हणजे अडीच फ्रेम चुकल्या, की अख्खा बोल सरकला!

वादन संपल्यावर पुन्हा टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. लांब चित्रणात सुरुवात जुळूनही शेवट सरकतो. तो या टाळीने कळतो. मग संपूर्ण आवाजाची लांबी किंचित बदलून घ्यावी.

एक पथ्य मात्र पाळा. एकेक बोल उचलून जागेवर बसवू नका. तसे केले तर गुरूंना संगणकाची लय ऐकू येईल, आणि तुमची लय कुठे ढळते हे त्यांना कधीच सांगता येणार नाही.