अणुथराशी धातूचा सांधा

सिलिकॉनचा थर फार पातळ केला, की त्यातील विद्युत्‌वहन मंदावते. म्हणून संशोधकांची दृष्टी मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळली. त्याचा एक थर जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा! २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अशा एकाच थराचा ट्रान्झिस्टर यशस्वीपणे चालविण्यात आला.

खरी अडचण होती धातूच्या जोडणीची. धातूच्या सान्निध्याने अर्धसंवाहकाच्या निषिद्ध ऊर्जापट्ट्यात नव्या ऊर्जावस्था उत्पन्न होतात आणि इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडसर उभा राहतो. रोध वाढतो, वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

२०२१ मध्ये अमेरिका व तैवान येथील संशोधकांनी बिस्मथ हा अर्धधातू योजला. त्याच्या फर्मी पातळीपाशी ऊर्जावस्था विरळ असल्यामुळे अडसर जवळजवळ नाहीसा झाला. रोध १२३ ओहम-मायक्रोमीटरपर्यंत उतरला. परंतु बिस्मथ २७१ अंश सेल्सियसलाच वितळतो, आणि चिपनिर्मितीत याहून अधिक उष्णता लागते. २०२३ मध्ये चीनमधील नानजिंग येथे अँटिमनीच्या साहाय्याने हा रोध ४२ वर आला. अँटिमनी ६३० अंशांपर्यंत टिकते.

हे यश इलेक्ट्रॉनवाही ट्रान्झिस्टरचे आहे. त्याच्या जोडीला लागणाऱ्या धनविवरवाही ट्रान्झिस्टरसाठी तितकाच निर्दोष सांधा साधणे, हे कार्य अद्याप पुढे आहे.