ताल डोळ्यांना दिसतो तेव्हां

गाणें ही कानांची वस्तु आहे आणि ती कानांकडेच राहूं द्यावी, असें म्हणणारा एक वर्ग सर्व देशांत आढळतो. त्या वर्गाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. गवय्यानें डोळे मिटून लावलेला षड्ज ऐकतांना श्रोत्याचेही डोळे आपोआप मिटतात. त्या वेळीं समोर कोणी चित्रांचा खेळ मांडला तर तो उपद्रवच वाटेल. परंतु १९८१ सालच्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस अमेरिकेंत एमटीव्ही नांवाची दूरचित्रवाणीची वाहिनी सुरू झाली, आणि तेव्हांपासून पाश्चात्य गाण्यास चित्रफितीची जोड देणें ही रूढि होऊन बसली. तीनचार मिनिटांचें गाणें आणि तेवढ्याच लांबीचें चित्र, असा हा संसार. त्यांत बहुधा दोहोंपैकीं एकालाच सुख लागतें. एक तर चित्र शब्दांमागें नोकरासारखें धांवतें. गाण्यांत पाऊस आला कीं पडद्यावर पाऊस, विरह आला कीं खिडकींत बसलेली स्त्री! किंवा तें गाण्यास बाजूस सारून नर्तकांचें आणि वस्त्रांचें प्रदर्शन मांडतें. या दोन्ही खड्ड्यांत न पडलेलीं उदाहरणें थोडीं. त्यांपैकीं एकाचा येथें विचार करावयाचा आहे.

अमेरिकेंतील डेट्रॉइट हें मोटारींच्या कारखान्यांबद्दल प्रसिद्ध असलेलें शहर. तेथें १९९७ सालीं जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट या दोघांनीं ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ नांवाचा वाद्यवृंद काढला. वृंद म्हणावयाचा तो केवळ रीतीप्रमाणें. कारण माणसें दोनच. जॅकच्या हातीं गिटार व मुखीं गाणें, आणि मेगच्या पुढें ढोलांचा संच. तांबडा, पांढरा आणि काळा या तीन रंगांपलीकडे जावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम होता. त्यांचे पहिले तीन संग्रह मोठ्या भांडवलाच्या आश्रयावांचून एका लहानशा कंपनीनें काढले; अशा स्वतंत्र बाण्याच्या संगीतास तिकडे ‘इंडी रॉक’ म्हणतात. २००३ च्या एप्रिलांत ‘एलिफंट’ हा त्यांचा चौथा संग्रह प्रसिद्ध झाला. तो लंडनच्या टो रॅग नांवाच्या ध्वनिमुद्रणशाळेंत, संगणकाचें साहाय्य मुद्दाम नाकारून, जुन्या यंत्रांवर मुद्रित केलेला होता. त्यांतील ‘द हार्डेस्ट बटन टु बटन’ या गाण्यावर मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकानें त्याच सालीं चित्रफीत केली.

गाण्याचें नांव प्रथम विचित्र वाटेल. सदऱ्याचीं सारीं बटणें निमूटपणें लागावींत आणि एकच बटण कांहीं केल्या काजांत जाऊं नये, हा अनुभव कोणास नाहीं? जॅकनें ही म्हण आपल्या घरांतील एका वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकली होती, आणि ती त्यानें कुटुंबांत कोठेंच न बसणाऱ्या माणसास लावली. गाण्यांत एक विस्कटलेलें घर आहे. त्या घरांत नवें मूल येतें, आणि आधींच्या मुलास आपली जागा कोणती हें उमगेनासें होतें. स्वतः जॅक दहा भावंडांत सर्वांत धाकटा, म्हणजे त्याच्या मागून त्या घरांत दुसरें मूल आलेंच नाहीं. तेव्हां प्रत्येक गाणें म्हणजे गाणाऱ्याचें आत्मचरित्र असें धरून चालणाऱ्यांची येथें थोडी फसगत होते.

गोंद्रीचा जन्म १९६३ सालचा, व्हर्सायचा. तरुणपणीं तो स्वतः एका वाद्यवृंदांत ढोल वाजवीत असे, आणि त्याच वृंदाकरितां केलेल्या त्याच्या चित्रफिती पाहून आइसलंडची गायिका ब्यर्क हिनें आपल्या गाण्याचें काम त्याच्यावर सोंपविलें. त्याच्या आजोबांची, कोंस्तां मार्तां यांची, गोष्ट तर आपल्याकडील श्रोत्यांनीं अवश्य ऐकावी. त्यांनीं १९४७ सालीं क्लाव्हियोलीन नांवाचें विजेवर चालणारें वाद्य तयार केलें. नांव परकें वाटलें तरी त्याचा आवाज आपल्याकडे घरोघर पोंचलेला आहे; १९५४ च्या ‘नागिन’ बोलपटांत जी बीन ऐकून लोक डोलले, ती गारुड्याची पुंगी नव्हती, कल्याणजींनीं वाजविलेलें क्लाव्हियोलीन होतें. असो. मुद्दा इतकाच कीं, या दिग्दर्शकास ठोका म्हणजे काय हें बाहेरून शिकावें लागलें नाहीं. त्याच्या हातांनीं तो वाजविलेला होता.

आतां चित्राकडे वळावें. स्थळ न्यूयॉर्क शहर. रस्ते, पदपथ, रेल्वेचें स्थानक. गाण्याचा आरंभ होतो तो पायानें वाजवावयाच्या मोठ्या ढोलाच्या सरळ, एकसारख्या ठोक्यांनीं. ठोका पडतो, मेग ढोलांच्या संचामागें बसलेली दिसते. दुसरा ठोका पडतो. आतां ती शेजारच्या, हुबेहूब तशाच संचामागें आहे, आणि पहिला संच रिकामा, जेथल्या तेथें उभा. तिसरा, चौथा, पांचवा. ठोक्यागणिक एक नवा संच, आणि मागें वाढत जाणारी मुक्या ढोलांची रांग. जॅकच्या गिटारीचा स्वर उमटला कीं त्याच्याही पुढें एकेक ध्वनिवर्धक पेटी येऊन उभी राहते. एकूण ३२ एकसारखे ढोलसंच, ३२ ध्वनिवर्धक आणि ध्वनिग्राहकांच्या १६ काठ्या, एवढी सामग्री या कामीं लागली.

ही जादू यंत्राची कमी आणि हमालीची अधिक. कॅमेरा एका जागीं खिळवावयाचा, एका ठोक्यापुरतें चित्र घ्यावयाचें, थांबावयाचें, सामान हलवावयाचें, माणसें नव्या जागीं बसवावयाचीं, पुन्हां चित्र घ्यावयाचें; आणि शेवटीं हे तुकडे ठोक्याबरहुकूम एकापुढें एक जोडावयाचे. युक्ति जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर दाखविली ती याच तत्त्वावर, थांबून थांबून चित्रें घेऊन. फाळक्यांनीं दिवसांचे क्षण केले. गोंद्रीनें क्षणाक्षणास एकेक वस्तु दिली.

आणि या चित्रफितीचें मर्म नेमकें येथें आहे. ठोका ही काळांतली वस्तु. तो वाजला कीं गेला. त्याला घर नाहीं, अंगण नाहीं. मात्रा बोटांच्या पेरांवर मोजणारा आपल्याकडील श्रोता दुसरें काय करतो? निसटणाऱ्या काळास तो हातावर जागा करून देतो. गोंद्रीनें तेंच काम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर केलें. वाजून गेलेला प्रत्येक ठोका तेथें उभा राहतो, मोजतां येतो, आणि मागें वळून पाहिलें असतां किती वाट चालून झाली हें डोळ्यांस कळतें. गाण्यांतील लय जेथें थबकते तेथें रांगही थबकते. ज्यास पाश्चात्य संगीतांतलें ओ कीं ठो कळत नाहीं, असा मनुष्यही ही चित्रफीत एकदां पाहून त्या गाण्याची बांधणी बिनचूक सांगूं शकेल. व्याकरणाचा एखादा कठीण नियम चांगल्या शिक्षकानें फळ्यावर एका आकृतींत दाखवावा, तसा हा प्रकार आहे.

पण एवढेंच असतें तर तिला कसरतीपलीकडे मान द्यावयाचें कारण नव्हतें. चित्रांत तें विस्कटलेलें घर नाहीं, पाळणा नाहीं, रुसलेलें मूल नाहीं. तरीही नवा संच आला कीं जुना रिकामा पडतो, आणि सारें लक्ष नव्याकडे जातें, हें ठोक्यागणिक डोळ्यांपुढें घडत राहतें. घरांत नवें मूल आल्यावर थोरल्याचें जें होतें, तें याहून निराळें काय असतें? दिग्दर्शकानें हें योजून केलें असो वा नसो, पाहणाऱ्यास तें भिडतें, आणि तें शब्दांचा अनुवाद न करतां भिडतें, ही त्यांतील खरी मिळकत. गाण्यांत एक कांहींतरी असलेली पेटी येते, तेथें मात्र चित्र शब्दाच्या आज्ञेंत वागतें: पांढऱ्या पोशाखांतला एक मनुष्य येऊन जॅकच्या हातीं पेटी देतो. हा मनुष्य म्हणजे बेक हा दुसरा प्रसिद्ध गायक. गंमत म्हणून तें ठीक. परंतु सबंध चित्रफितींत तोच भाग सर्वांत फिका वाटतो.

गोंद्रीच्या इतर कामांशीं तुलना केली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. २००२ सालीं याच जोडीच्या ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’ या गाण्यास त्यानें मुलांच्या खेळांतील लेगोच्या विटांनीं चित्रित केलें. त्याचें कौतुक फार झालें, एमटीव्हीचीं तीन पारितोषिकेंही मिळालीं. पण तेथें नजर विटांवरच खिळते आणि गाणें मागें राहतें. त्याच सालच्या ‘स्टार गिटार’ या चित्रफितींत आगगाडीच्या खिडकींतून दिसणारे खांब, पूल, घरें हीं वाद्यांच्या आवाजाबरहुकूम येतात. त्याची आंखणी त्यानें आधीं चौकटींच्या कागदावर करून मग संत्रीं, कांटे, पुस्तकें मांडून जमविली होती. तेथें ताल डोळ्यांना दिसतो खरा, परंतु त्या गाण्यास सांगण्यासारखी गोष्ट नाहीं. म्हणून त्या चित्रांत हुशारी आहे, कळवळा नाहीं.

आरंभीं ज्या डोळे मिटणाऱ्या वर्गाचा उल्लेख केला, त्याचा आक्षेप मात्र एवढ्यानें मिटत नाहीं. ज्यानें ही चित्रफीत एकदां पाहिली, त्याच्यापुढें पुढें कधीं रेडिओवर तें गाणें लागलें तरी ढोलांची रांग उभी राहणारच. नुसतें ऐकणाऱ्यास त्या गाण्यांत आपलें स्वतःचें घर दिसलें असतें, आपल्या धाकट्या भावाचा पाळणा दिसला असता. त्या जागीं आतां परक्या शहराचा एक पदपथ आला. हें नुकसान लहान नाहीं, आणि चित्र जितकें चांगलें तितकें तें अधिक. गोंद्रीच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, त्यानें ठोका तेवढा व्यापला. मुलाचा चेहरा रिकामा ठेवला. आवाज बंद करून ही फीत पाहिली तर ताल मोजतां येतो, पण मूल दिसत नाहीं. चित्र बंद करून गाणें ऐकलें तर मूल ऐकूं येतें. तेव्हां ज्यांनीं अद्याप दोहोंपैकीं कांहींच अनुभवलें नसेल, त्यांनीं तें गाणें आधीं दोनदां नुसतें ऐकावें, मग चित्र पहावें. उलट क्रमानें गेलेल्यास तें पहिलें, नुसतें ऐकणें पुन्हां मिळत नाहीं.