रुग्णालयाचे पिण्याचे पाणी : क्लोरीन आणि अतिनील किरण



अतिनील किरणांचे यंत्र बसवून पाण्यातील क्लोरीन कायमचे बंद करावे, अशी सूचना एका सन्माननीय देणगीदारांनी यंत्राच्या खर्चासह केली आहे. तिच्यामागील काळजी रास्त आहे. पाण्यात विरघळलेल्या पालापाचोळ्याच्या अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखे उपपदार्थ बनतात, हे १९७४ पासून ज्ञात आहे. परंतु निर्जंतुकीकरणाच्या नेहमीच्या मात्रेत अतिनील किरण हे उपपदार्थ नष्ट करीत नाहीत. क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र ते प्रभावी ठरतात. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात या परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते.

खरी अडचण पुढेच आहे. यंत्रातून बाहेर पडलेल्या पाण्यास कोणतेही संरक्षण उरत नाही. गच्चीवरील टाकी, जुने नळ, वॉर्डातील माठ, येथे पहारा क्लोरीनचाच. भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन अपेक्षित आहे. क्लोरोफॉर्मची कमाल मर्यादाही, योगायोगाने, तेवढीच.

म्हणून टाकीतील क्लोरीन चालू राहील. यंत्र अवश्य घ्यावे, पण ते पिण्याच्या नळापाशी, सक्रिय कोळशाच्या गाळणीनंतर बसवावे, असे आम्ही सुचवितो. उपपदार्थ बऱ्याच अंशी कोळसाच शोषून घेतो; क्लोरीनही घेतो, म्हणून त्यापुढे किरण हवेतच. कोळसा व दिवा मुदतीत बदलण्याची तरतूद आम्ही अंदाजपत्रकात केली आहे. देणगीदारांची संमती येताच खरेदी होईल.